लाट कामाला जुंपताना

विझिंजम हे नाव आता मोठ्या कंटेनर बंदरामुळे सगळ्यांना ठाऊक झालं आहे. तिरुवनंतपुरमजवळच्या या गावात मच्छीमारांचं जुनं बंदर आहे, आणि त्या बंदराच्या लाटरोधक बांधापाशी 1991 मध्ये भारतानं समुद्राच्या लाटेपासून वीज काढून दाखवली होती. केंद्राच्या महासागर विकास विभागानं पैसा दिला आणि आयआयटी मद्रासच्या अभियंत्यांनी केंद्र उभारलं. सुमारे तीन हजार टन वजनाची काँक्रीटची पोकळ पेटी दहा मीटर खोल पाण्यात तळावर बसवलेली होती आणि तिचं तोंड समुद्राच्या दिशेनं पाण्याखाली उघडं होतं. लाट आली की पेटीतलं पाणी वर चढे आणि वरची हवा टर्बाइनमधून बाहेर लोटे. लाट ओसरली की पाणी उतरे आणि बाहेरची हवा त्याच वाटेनं आत शिरे. क्षमता 150 किलोवॅट. त्या काळी सौरविजेचं कुणी फारसं नावही घेत नव्हतं. लाटेवर चालणारी केंद्रं तेव्हा जगातच मोजकी होती आणि त्यांत भारताचं एक होतं.

त्यानंतर जवळपास तीन दशकांनी, नोव्हेंबर 2022 मध्ये, आयआयटी मद्रासनंच तुतिकोरिनच्या किनाऱ्यापासून सुमारे सहा किलोमीटरवर ‘सिंधुजा-1’ नावाचं तरंगतं यंत्र समुद्रात सोडलं. त्यानं 100 वॅट वीज दिली. म्हणजे एक-दोन पंखे चालतील एवढी. या प्रयोगाला कमी लेखण्याचं कारण नाही, कारण त्याचा हेतू वेगळा होता. खोल समुद्रातल्या उपकरणांना जागच्या जागी वीज मिळावी यासाठीची ती पहिली पायरी होती. तरीही हे दोन आकडे शेजारी ठेवले की प्रश्न पडतोच. याच काळात सौरवीज शून्यातून निघून जानेवारी 2025 मध्ये देशात एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. लाटेची वीज होती तिथेच राहिली. हे दुखणं भारतापुरतं असतं तर सरकारी अनास्थेवर बोट ठेवून मोकळं होता आलं असतं. पण स्कॉटलंड, नॉर्वे, पोर्तुगाल, ऑस्ट्रेलिया अशा पैसा, जिद्द आणि उत्तम अभियंते असलेल्या देशांतही तेच झालं आहे. लाटेपासून ऊर्जा मिळवण्याचं पहिलं पेटंट पॅरिसमध्ये 1799 साली गिरार्ड नावाच्या बापलेकांनी घेतलं होतं. सव्वादोनशे वर्षं माणूस या लाटेमागे आहे.

आधी मोह कशाचा पडतो ते पाहू. वारा लांबवर समुद्र घासत जातो आणि आपली ऊर्जा पाण्याला देतो. ही ऊर्जा लाटांच्या रूपानं हजारो किलोमीटर फारशी न गळता प्रवास करते. दक्षिण महासागरात आज वादळ झालं तर त्याच्या लांबट लाटा काही दिवसांनी केरळच्या किनाऱ्यावर येऊन आदळतात. तिथले मच्छीमार या अचानक येणाऱ्या उधाणाला ‘कल्लक्कडल’ म्हणतात आणि हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचे इशारे देते. उन्हाची ऊर्जा पसरट असते, वाऱ्याची थोडी एकवटलेली आणि लाटेची त्याहून दाट. शिवाय सूर्य मावळला तरी लाटा थांबत नाहीत.

लाटेच्या या ऊर्जेचं माप काढण्याचा एक सोपा हिशेब आहे. लाटेची उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, दोन लाटांमधल्या सेकंदांनी गुणा आणि निम्मं करा. खोल पाण्यात लाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीमागे साधारण तितके किलोवॅट वाहत असतात. तीन मीटर उंचीच्या, नऊ सेकंदांनी येणाऱ्या पावसाळी लाटेचं उत्तर येतं सुमारे 40 किलोवॅट. युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर, आयर्लंड-स्कॉटलंडच्या पश्चिमेला, वर्षाची सरासरीच कुठे 40, कुठे 60 किलोवॅट भरते. भारताची सरासरी त्या मानानं बरीच कमी आहे. महाऊर्जा या राज्य सरकारच्या संस्थेनं कोकणात वेंगुर्ला रॉक, मालवण रॉक, रेडी, गिर्ये अशा ज्या जागा हेरल्या आहेत, तिथे ती पाच ते आठ किलोवॅटच्या घरात आहे. तरी किनारा लांबलचक आहे. क्रिसिल आणि आयआयटी मद्रास यांच्या अभ्यासात देशाची लाटशक्ती सुमारे 41 हजार मेगावॅट धरली गेली होती, आणि तेव्हापासून हा आकडा प्रत्येक सरकारी टिपणात असतो. तो तत्त्वतः काढलेला आकडा आहे, हे मात्र त्या टिपणांतून वाचकापर्यंत क्वचितच पोचतं.

भरती-ओहोटीची वीज ही वेगळी गोष्ट, तिची इथे गल्लत नको. ती चंद्र-सूर्याच्या ओढीवर चालते, शंभर वर्षांनंतरचीही वेळ पंचांगासारखी आधी सांगता येते, आणि फ्रान्समधलं ला रान्सचं 240 मेगावॅटचं केंद्र 1966 पासून चालू आहे. लाटेचं तसं नाही.

वरच्या हिशेबातला ‘वर्ग’ हा शब्द नीट पाहिला की अडचणीचं मूळ हाती लागतं. उंची दुप्पट झाली की ऊर्जा चौपट होते. कोकणात हिवाळ्यात, समुद्र निवळलेला असताना, लाट पाऊण मीटरच्या आसपास आणि सहा-एक सेकंदांची असेल तर हिशेब येतो सुमारे पावणेदोन किलोवॅट. तोच जुलैत चाळीस. एखाद्या चक्रीवादळात आठ मीटरची, बारा सेकंदांची लाट आली तर जवळपास पावणेचारशे! यंत्र कमाई करतं ती नेहमीच्या दिवसांत, दोन-तीन मीटरच्या लाटांवर. पण ते किती जाडीच्या पोलादाचं करायचं, नांगर आणि साखळदंड किती भक्कम ठेवायचे, हे ठरतं वर्षानुवर्षांत कधी तरी येणाऱ्या त्या एका रात्रीवरून. त्या रात्रीच्या लाटेची वीज विकता येत नाही, कारण तेव्हा यंत्र बंद ठेवून फक्त जीव वाचवायचा असतो. खर्च वादळाच्या मापानं आणि मिळकत सरासरीच्या मापानं, असा हा व्यवहार आहे. माझ्या मते लाटेच्या विजेची निम्मी कहाणी या एका व्यवहारात आली.

पवनचक्कीलाही वादळ सोसावं लागतं. पण वारा बेफाम झाला की पाती वळवून त्याला वाट देता येते, आणि हवा पाण्यापेक्षा आठशे पटींहून विरळ आहे. तरंगत्या किंवा तळाशी रोवलेल्या यंत्राला पाण्यापासून दूर सरकायला जागाच नसते. नॉर्वेत बर्गनजवळच्या कड्याला बसवलेला 500 किलोवॅटचा पोलादी मनोरा तीन वर्षं चालला आणि डिसेंबर 1988 च्या वादळात उन्मळून समुद्रात गेला. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला डूनरेपाशी ‘ऑस्प्रे’ नावाचं यंत्र 1995 मध्ये बसवलं जात असतानाच लाटांनी त्याच्या टाक्या फोडल्या. ऑस्ट्रेलियात 2014 मध्ये एक मेगावॅटचं, तीन हजार टनांचं यंत्र ओढून नेताना वाटेतच निकामी झालं आणि किनाऱ्याजवळ रुतून बसलं. विजेचं एक युनिटही न देता ते संपलं आणि कंपनीही बुडाली. अझोर्स बेटांवरचं पिकोचं केंद्र 1999 पासून अधूनमधून चालत होतं. 2018 मध्ये त्याचा भाग कोसळला.

वादळ बाजूला ठेवू. साध्या दिवशीसुद्धा लाट वीज करायला सोयीची नाही. आपल्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातली वीज 50 हर्ट्झची असते आणि ती देणारं नेहमीचं जनित्र मिनिटाला पंधराशे वगैरे फेरे घेतं, एकाच दिशेनं आणि एकसारखे. लाट मिनिटाला सहा-सात वेळा येते. जोर प्रचंड, वेग अगदी कमी, आणि दर चार-पाच सेकंदांनी दिशा उलटी. या संथ आणि येरझाऱ्या घालणाऱ्या बळातून भरधाव, एकमार्गी फिरणं कसं काढायचं यावर गेल्या पन्नास वर्षांत फार मोठी बुद्धी खर्ची पडली आहे.

विझिंजममध्ये जी युक्ती वापरली तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पाण्याचा संथ जोर आधी हवेला द्यायचा. मोठ्या पेटीतली हवा अरुंद तोंडातून बाहेर पडताना वेग घेते. आता ही हवा एकदा बाहेर, एकदा आत जाणार, मग टर्बाइन उलटसुलट फिरेल. त्यावर झडपा लावून हवा एकाच वाटेनं वळवता येते, पण दिवसाला हजारो वेळा उघडमीट करणाऱ्या झडपा खाऱ्या हवेत टिकवणं हीच एक व्याधी. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या ॲलन वेल्स यांनी सत्तरच्या दशकात पातीच अशी आखली की झडपांची गरज उरली नाही. पात्याचा छेद दोन्ही बाजूंना सारखा फुगीर, आणि ते फिरण्याच्या प्रतलातच सपाट बसवलेलं. हवा पुढून आली काय आणि मागून आली काय, पात्यावर मिळणाऱ्या ओढीचा एक हिस्सा नेहमी फिरण्याच्या दिशेनंच पुढे ढकलतो. वेल्स टर्बाइन म्हणतात ती हीच. हलणारा भाग एकच, तोही पाण्याच्या वर. यंत्रशास्त्रातल्या सुंदर कल्पनांमध्ये तिची गणना व्हायला हवी.

पण तिला खोडी आहेत. थांबलेली असताना ती आपणहून नीट सुरू होत नाही. हवेचा वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पात्यांवरून हवा सुटते आणि जोर एकदम पडतो, म्हणजे लाट मोठी झाली की नेमकी टर्बाइन कमी पडते. आवाजही मोठा. आणि हवा दिशा बदलते त्या प्रत्येक क्षणी वीज शून्यावर येते. दहा सेकंदांच्या एका लाटेत दोनदा शिखर, दोनदा शून्य. त्यात लाटा एकसारख्या येत नाहीत, चार-पाच मोठ्या येतात आणि मग काही काळ समुद्र मवाळ असतो. जनित्र साधेपणानं थेट जाळ्याला जोडलेलं असेल तर अशा मवाळ क्षणी ते वीज देण्याऐवजी जाळ्यातूनच ओढून घेऊ शकतं. उपाय आहेत. जडचक्र बसवता येतं, दाबाखालचं तेल साठवता येतं, इलेक्ट्रॉनिक्सनं वीज सपाट करता येते. प्रत्येक उपाय म्हणजे आणखी एक पेटी, आणखी एक बिघाडाची जागा, आणि हे सगळं समुद्रात.

तरंगत्या यंत्रांची गोष्ट आणखी नाजूक आहे. झोपाळ्याला झोका देताना त्याच्या लयीत ढकललं तर थोड्या जोरात तो उंच जातो, आणि लय चुकली तर ढकलणाऱ्याचीच दमछाक होते. पाण्यावर तरंगणाऱ्या बोयालाही अशी स्वतःची लय असते. लहान बोयाची लय तीन-चार सेकंदांची असते आणि खऱ्या ऊर्जेच्या लाटा आठ-दहा सेकंदांच्या. त्यामुळे तो लाटेबरोबर नुसता वरखाली होतो, तिच्याकडून घेत फारसं काही नाही. बोया अवाढव्य केला तर लय जुळते, पण पोलाद परवडत नाही. नॉर्वेतल्या बुडाल आणि फाल्नेस या दोघांनी यावर वाट दाखवली. बोया लाटेच्या शिखरावर क्षणभर अडवून धरायचा आणि योग्य वेळी सोडायचा, म्हणजे लहान बोयाही मोठ्या लाटेशी लय जुळवतो. पुढची लाट कशी येणार हे आधी कळलं तर हे जमतं. कागदावर हे सत्तरीच्या दशकाच्या अखेरीलाच सिद्ध झालं होतं. समुद्रात विश्वासानं करून दाखवायला पुढची चाळीस वर्षं लागली.

आणि तरीही एक भिंत राहतेच. वरखाली होणारा बोया कितीही हुशार केला तरी तो लाटेच्या लांबीच्या साधारण एक षष्ठांश रुंदीपेक्षा जास्त पट्ट्यातली ऊर्जा ओढू शकत नाही, असं गणित सांगतं. पवनचक्कीत पातं दुप्पट लांब केलं की वीज चौपट होते, म्हणून ती वाढत वाढत एकेक 15 मेगावॅटची झाली आणि युनिटचा खर्च उतरत गेला. लाटेच्या यंत्राला मोठं होऊन स्वस्त होण्याचा हा रस्ता बंद आहे. त्याला शेकड्यांनी संख्या वाढवावी लागते, म्हणजे शेकडो नांगर, शेकडो जोड, शेकडो केबली.

स्टीफन सॉल्टर यांच्याबद्दल इथे लिहायलाच हवं. 1973 च्या तेलटंचाईनंतर एडिंबरा विद्यापीठातल्या या अभियंत्यानं बदकासारखी मान डोलावणारं यंत्र तयार केलं आणि 1974 मध्ये ‘नेचर’मध्ये त्यावर निबंध लिहिला. प्रयोगशाळेच्या हौदात हे ‘बदक’ समोरून येणाऱ्या छोट्या लाटेची 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा शोषत असे. त्याच्या मागचं पाणी जवळजवळ स्तब्ध राही. ब्रिटिश सरकारनं मोठा कार्यक्रम हाती घेतला, पण एकदम दोन हजार मेगावॅटच्या केंद्रांचे आराखडे मागितले. जे यंत्र समुद्रात एक पूर्ण हिवाळाही राहिलं नव्हतं त्याची किंमत कागदावर काढली गेली, ती अफाट आली, त्या हिशेबावर वर्षानुवर्षं वाद झाले आणि 1982 मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला. सॉल्टर 2024 मध्ये वारले. लहान सुरुवात करून दर वर्षी थोडं शिकत जाण्याची संधी त्या वेळी दिली असती तर आज आपण कुठे असतो, याची मला खरोखर हळहळ वाटते. डेन्मार्कनं पवनचक्कीबाबत नेमकं तेच केलं होतं. लहान यंत्रं, खेड्यापाड्यांत, वर्षानुवर्षं.

मीठ, गंज आणि समुद्री जीव यांच्याबद्दल कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पाण्यात राहिलेल्या कुठल्याही वस्तूवर काही महिन्यांत शेवाळ आणि टणक कवचाचे बार्नेकल बसतात. होडी वर ओढून तळ खरवडता येतो, समुद्रात नांगरलेलं शेकडो टनांचं यंत्र कुठे ओढणार? त्याचं वजन वाढतं, लय बदलते, सांध्यांत कवचं घुसतात. रबरी बेलोज आणि सील झिजतात. दोरखंड आणि साखळ्या वर्षाला तीसेक लाख वेळा ताणल्या जातात आणि सैल पडतात. दहा सेकंदांना एक लाट धरली की एवढाच आकडा येतो.

आणि बिघाड झाला तर जायचं कधी? महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ, आणि समुद्रही तेव्हा कुणाला जवळ येऊ देत नाही. होड्या वर घेऊन शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तांडेल-खलाशी किनाऱ्यावर असतात. कोकणातल्या लाटेची वर्षभराची बहुतेक कमाई याच दिवसांत आहे. एक साधा तारेचा जोड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तुटला तर दुरुस्तीची बोट सप्टेंबरात जाईल. तोवर वर्षाचं उत्पन्न गेलेलं असेल. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवरच्या चाचणीकेंद्रात हिवाळ्यात हीच अडचण असते. दुरुस्तीसाठी शांत समुद्राचे सलग काही तास लागतात आणि ते मिळता मिळत नाहीत. आपल्या मोसमी हवामानात तर हा विरोध अगदी टोकाला जातो.

पावसाळ्यात सौरवीज उतरते तेव्हा लाट चढते, म्हणून दोघांची जोडी छान जमेल, असा युक्तिवाद अनेकदा ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. पण त्याच महिन्यांत साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर वाराही जोरात असतो, आणि तिथल्या पवनचक्कीपर्यंत भर पावसात जीप जाते.

पैशाची बाजू पेलामिस नावाच्या लाटयंत्राच्या कहाणीत उघड दिसते. लाल रंगाची, 120 मीटर लांब, सांध्यांनी जोडलेली नळकांडी लाटेवर आडवी तरंगायची. लाट खालून सरकली की सांधे वाकायचे, त्यातले दट्टे तेलाला दाब द्यायचे आणि त्या तेलावर जनित्र फिरायचं. एका यंत्राची क्षमता 750 किलोवॅट आणि वजन वाळूच्या भारासह सुमारे सातशे टन, म्हणजे किलोवॅटमागे जवळपास एक टन. 2004 मध्ये ऑर्कनीत या यंत्रानं ब्रिटनच्या जाळ्याला वीज दिली. सप्टेंबर 2008 मध्ये पोर्तुगालच्या अगुसादोराच्या समुद्रात अशी तीन यंत्रं बसली आणि जगातलं पहिलं लाटवीज-शेत म्हणून जगभर बातम्या झळकल्या. दोन महिन्यांत सांध्यांतल्या बेअरिंगांची अपेक्षेपेक्षा जास्त झीज दिसली आणि तिन्ही यंत्रं बंदरात परत आणावी लागली. हा दोष सुधारता येण्याजोगा होता. पण त्याच वेळी जागतिक मंदीत प्रकल्पाचा मुख्य ऑस्ट्रेलियन भांडवलदार कोसळला आणि यंत्रं पुन्हा पाण्यात गेलीच नाहीत. कंपनीनं सुधारित यंत्र करून ऑर्कनीत आणखी काही वर्षं चालवलं, आणि 2014 च्या अखेरीला तिलाही टाळं लागलं. पुढच्याच वर्षी ‘ऑयस्टर’ नावाचं लाटयंत्र बनवणारी स्कॉटिश कंपनी गेली.

या उद्योगाला पैसा लागतो तो धीराचा. यंत्र पाण्यात टाका, दोन वादळं पाहा, बाहेर काढा, काय झिजलं ते बघा, पुन्हा टाका. खासगी गुंतवणूकदार असं थांबत नाही. त्याला तीन वर्षांत मेगावॅट हवे असतात, म्हणून कंपन्या लहान यंत्र पुरतं शिकण्याआधी मोठ्यावर उडी घेतात. शिवाय ज्याची त्याची कल्पना वेगळी. वाकणारी, डोलणारी, वरखाली होणारी, पाणी वर चढवून सोडणारी, हवा ढकलणारी. पवनचक्की तीन पात्यांवर येऊन स्थिरावली तसं इथे काहीच झालं नाही, आणि कंपनी बुडाली की तिच्या चुकांचं ज्ञानही तिच्याबरोबर बुडालं. स्कॉटलंड सरकारनं 2014 मध्ये ‘वेव्ह एनर्जी स्कॉटलंड’ स्थापन करून पेलामिसचं ज्ञान विकत घेतलं आणि पुढच्या संशोधनाला टप्प्याटप्प्यानं, पूर्ण खर्च देऊन मदत सुरू केली. या क्षेत्रातला मला सर्वांत शहाणपणाचा वाटलेला सरकारी निर्णय तो हा.

चाललेलं एक उदाहरण स्पेनच्या बास्क किनाऱ्यावर मुत्रिकु इथे आहे. तिथल्या बंदराला लाटरोधक बांध हवाच होता. तो बांधतानाच त्यात हवेच्या पोकळ्या ठेवल्या आणि 2011 पासून 16 वेल्स टर्बाइन तिथे चालत आहेत. एकेकीची क्षमता साडेअठरा किलोवॅट, सगळ्या मिळून 296. बांधकाम चालू असताना वादळांनी त्याचीही मोडतोड केली होती. मिळकत वर्षाला साधारण दोन-सव्वादोन लाख युनिट, म्हणजे महाराष्ट्रात दीडशे किलोवॅटचा छपरावरचा सौरसंच देईल तेवढी. थोडीच आहे ही वीज. पण बांधाचा खर्च बंदरानं केलेला, यंत्र पायी जाऊन दुरुस्त करता येतं आणि एक टर्बाइन बिघडली तरी बाकीच्या चालतात. म्हणून ते टिकलं. दुसरीकडे, स्वीडनच्या कॉरपॉवर कंपनीचा बोया त्याच अगुसादोराच्या समुद्रात नोव्हेंबर 2023 मध्ये साडेअठरा मीटर उंचीच्या लाटांतून सुखरूप बाहेर आला. वादळात तो आपली लय मुद्दाम लाटेशी बिघडवून घेतो आणि शांत लाटेत जुळवतो. बुडाल-फाल्नेसची कल्पना शेवटी समुद्रात उतरली ती अशी.

मग भारतानं काय करावं? गुजरातच्या डिसेंबर 2020 च्या लिलावात सौरविजेला युनिटमागे 1 रुपया 99 पैसे असा भाव आला होता. त्या भावाशी लाटेची वीज नजीकच्या काळात झुंजू शकणार नाही, आणि तसं वचन कुणी दिलं तर ते मानू नये. पण जिथे युनिटचा भाव हा प्रश्नच नसतो, अशा जागाही आहेत. जपानमध्ये योशिओ मासुदा यांचे लाटेवर चालणारे दिशादर्शक बोये 1960 च्या दशकापासून समुद्रात आहेत. त्यांच्यावर फारशा बातम्या झाल्या नाहीत, पण ते चालले. चेन्नईची एनआयओटी ही संस्था तसे बोये करते आहे. विझिंजमच्या केंद्रावर तिनंच पुढे समुद्राचं पाणी गोडं करण्याचा प्रयोग केला होता, आणि लाटेच्या चढउताराला तो जास्त मानवतो, कारण पाणी टाकीत साठवता येतं. समुद्रातली निरीक्षण उपकरणं, दूरची बेटं, आणि कोकणातल्या मासेमारी बंदरांचे बांध, जे नाही तरी बांधायचे किंवा दुरुस्त करायचे आहेत, या जागा पहिल्या. भारत पेट्रोलियम आणि इस्राएलची इको वेव्ह पॉवर यांनी 2025 च्या सुरुवातीला मुंबईत 100 किलोवॅटचा पथदर्शी संच बसवण्याचा करार केला. तोही किनाऱ्यावरच्या बांधकामाला जोडायचा प्रकार आहे, हे मला बरं लक्षण वाटतं. मात्र कुठल्याही जागी हात घालण्याआधी तिथल्या मच्छीमारांशी बोलणं झालं पाहिजे. नांगरलेल्या यंत्रांचा पट्टा म्हणजे जाळी टाकायला बंद झालेला पट्टा, आणि त्या समुद्राच्या खोडी जाणणारी माणसंही तीच आहेत.

कोकणात लाटेपासून अमुक मेगावॅट वीज होणार अशी बातमी पुढेमागे वाचायला मिळेल. तेव्हा मेगावॅटचा आकडा बाजूला ठेवून तीन प्रश्न विचारा. हे यंत्र समुद्रात किती पावसाळे सलग राहिलं आहे? जानेवारीत ते किती वीज देतं? आणि जुलैत बिघडलं तर त्याच्यापर्यंत कोण, कशानं जाणार? तिन्हींची उत्तरं आकड्यांत मिळाली तर त्या प्रकल्पाच्या पाठीशी उभे राहा, आणि त्याला दहा वर्षं द्या.